पापडाच्या डब्यातले दाखले

"तीन वरीसपाईन बठेलच शे मी. आते त्या बाकलेच मन्हं नाव दी टाका."

हे माझ्या कानावर पडलं तेव्हा मी खेळ विभागाच्या खोलीत मॅटच्या गुंडाळ्यांमागे उकिडवी बसले होते. गुडघ्याच्या पट्ट्या तिथे खाली पडतात, पोरी उचलत नाहीत, मॅडम उचलतात. एकोणपन्नासाव्या वर्षी उकिडवं बसणं जमतं, उठणं जमत नाही. म्हणजे मी काही लपून ऐकत नव्हते, मला फक्त वेळेवर उठता आलं नाही. आवाज रोशनीचा होता. दुसरी कोणीतरी फिस्सकन हसली. रोशनी हसली नाही. तिने रागाने म्हटलं असतं तर मी उठून दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. पण एसटी कितीला सुटते ते सांगावं तशी ती म्हणाली, आणि चपला घालून दोघी निघून गेल्या. हातात पट्टी धरून मी तशीच बसून राहिले. पट्टीला शिळ्या घामाचा वास येत होता. खांद्याला लटकवलेली पर्स मांडीवर आली होती, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून दुसराच वास येत होता. हिंगाचा.

तो वास रोशनीच्या दाखल्याचा होता.

धुळ्याच्या या कॉलेजात मी बावीस वर्षं पोरींची कबड्डी बघते. दारावर पाटी 'क्रीडा संचालक' अशी आहे, पण पट्ट्या उचलण्यापासून पोरींच्या आयांची समजूत काढण्यापर्यंत सगळं त्या पाटीत येतं. आणि त्या पाटीत न येणारं एक काम माझ्या घरी देवपूरला, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर चालतं. तिथे एक मोठा स्टीलचा डबा आहे. सासूबाई असताना त्यात हिंग घातलेले उडदाचे पापड असत, तो वास अजून गेलेला नाही. आता मुलींचे कागद असतात. मार्कशीट, खेळाची प्रमाणपत्रं, शाळेचे दाखले. पोरी हरवतात, भिजवतात, वसतिगृहात गादीखाली ठेवून चुरगाळतात, म्हणून मी माझ्याकडे ठेवते. हे खरं आहे. हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की कागद माझ्याकडे असला की पोरगी माझ्याकडे असते. दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी गोड बोलून बोलावलं तरी ती एकटी कागद घेऊन बसमध्ये बसू शकत नाही, तिला आधी माझ्या दारात यावं लागतं. आणि माझ्या दारात आलेली पोरगी चहा पिऊन, थोडी रडून परत जाते. बावीस वर्षांत असं बऱ्याचदा झालं. चहा चांगला करते मी.

रोशनीचा कागद मात्र त्या जुन्यांतला नव्हता. तो आठ दिवसांपूर्वीचा, ताजा, कॉलेजच्याच ऑफिसातून निघालेला कॉलेज सोडल्याचा दाखला होता. पोरीने अर्ज दिला, ऑफिसातल्या वनाभाऊंनी कागद तयार केला आणि खेळाडू मुलगी म्हणून माझ्या सहीसाठी माझ्या टेबलावर आणून ठेवला. चोपड्याच्या कॉलेजात तिला जायचं होतं. तिथे डावा कोपरा रिकामा होता, आणि तिथल्या मॅडमनी तिला पहिल्या सातात घेते म्हणून सांगितलं होतं. नावं द्यायची मुदत उद्या शनिवारी दुपारी बारापर्यंत. हे तिचं शेवटचं वर्ष. यंदाही मॅटवर उतरली नाही, तर कबड्डी खेळत होते हे सांगायला तिच्याकडे फक्त राखीव खेळाडूंच्या यादीतलं नाव राहील, आणि पोलीस भरतीच्या खिडकीतला माणूस ते वाचून पुढच्या पोरीला बोलावील. हे सगळं मला माहीत होतं. मी सही केली, कागदाची घडी घातली आणि तो घरी नेऊन डब्यात ठेवला. आठ दिवस झाले. रोज रोशनी विचारते, "मॅडम, मिळाला का?" रोज मी म्हणते, "ऑफिसात शोधतायत गं." मग ती ऑफिसात जाते, वनाभाऊ डोळे खाली घालून म्हणतात, "बघतो ताई," आणि खरोखरच एक कपाट उघडून बघतात. हा माणूस सरळ आहे. ज्या कपाटात नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, त्याच कपाटात तो आठ दिवस शोधतोय.

आज सकाळी मी डबा उघडला, कागद काढला आणि पर्समध्ये टाकला. द्यायला नव्हे. नुसता जवळ असावा म्हणून. असं आपण का करतो ते मला विचारू नये.

उठले शेवटी, एक हात मॅटवर आणि एक भिंतीवर टेकवून. गुडघ्यात कट्कन आवाज झाला. हा डावा गुडघा भडगावचा आहे, म्हणजे गिरणेच्या पात्रातल्या वाळूत खेळून कमावलेला. आमच्या वेळी मॅट नव्हती. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात काठीने रेघ ओढायची, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आई केसांतली वाळू झटकताना जे बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. तिथून मला खेळायला धुळ्याला आणलं पंडित सरांनी, इथल्या तेव्हाच्या क्रीडा संचालकांनी. उंच माणूस, पांढरा शर्ट, शर्टाला डांबराच्या गोळ्यांचा वास. दुसऱ्या वर्षी सरांनी बाहेरून तीन तयार पोरी आणल्या आणि मी बाकावर गेले. तेव्हा जळगावच्या एका कॉलेजकडून विचारणा आली. मी दाखला मागितला. सर म्हणाले, "ऑफिसात शोधताहेत बेटा." सगळा हंगाम शोधत होते. हंगाम संपल्यावर सापडला. माझ्या हातात आला तेव्हा त्या कागदाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी तो वास घेतला, आणि सरांच्या पाया पडले. पुढे सरांच्याच शब्दाने मला ही नोकरी लागली, त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं, 'सरांनी आम्हाला घडवलं' म्हणून रडलेसुद्धा. रडणं खोटं नव्हतं. पण आज त्या मॅटच्या गुंडाळीशी उभी राहून मला इतकी चीड आली की सर जिवंत असते तर मी फोन लावला असता. काय म्हणाले असते कोण जाणे. बहुतेक तब्येत विचारली असती.

यंदाचा सगळा घोळ संस्थेचे सचिव योगराजनाना यांच्या एका वाक्याने सुरू झाला. नाना केळीवाले. बोलतातही केळीतच. मे महिन्यात मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही दरवर्षी कंद लावता. लावा, ना नाही. पण यंदा मला तयार घड पाहिजे." म्हणजे शाळांमधून पोरी आणून तीन-तीन वर्षं वाढवत बसू नका, दुसऱ्या कॉलेजच्या खेळणाऱ्या पोरी उचला आणि कप आणा. मी म्हटलं, नाना, बाहेरच्या पोरी भरल्या तर घरच्या बसतील. ते म्हणाले, "मग बसू द्या ना. बाक आहे ना आपल्याकडे?" बाक आहे. मागच्याच वर्षी नवा केला. मग मी जळगावला गेले, रावेरकडच्या डिंपलला भेटले. डिंपल म्हणजे चढाईला गेली की रिकाम्या हाती परत येणं तिला अपमानास्पद वाटतं, अशी पोरगी. तिच्या जुन्या सरांनी तिचे कागद अडवून धरले होते. मी त्यांच्या टेबलासमोर बसून चांगलं वीस मिनिटं बोलले. मुलींचं भवितव्य, खेळाडूचा हक्क, कागद अडवणं शोभत नाही आपल्याला. ते सर माझ्याकडे बघत राहिले, आणि शेवटी कपाटातून कागद काढून देताना म्हणाले, "छान बोलता तुम्ही." परतीच्या बसमध्ये मला ते कौतुकच वाटलं. वाटेतल्या पारोळ्यापर्यंत तरी वाटलं.

डिंपल एकटी आली नाही. "माझी चुलत बहीण पण," म्हणाली, "नाहीतर नाही." चुलत बहीण डावा कोपरा खेळते. म्हणजे रोशनीची जागा. आणखी दोघी आल्या. सातात चार बाहेरच्या, तीन घरच्या, आणि रोशनी आठवी. मी कागदावर नावं फिरवून फिरवून बघितली. पोळी लाटताना बघितली, स्कूटरच्या आरशात बघितली. एकीला आत घेतलं की दुसरी बाहेर पडते, आणि बाहेर पडणारी नेहमी जिची आई फोन करत नाही तीच असते.

दुपारी सरावाला मी शिट्टी जरा जास्तच जोरात वाजवली. डिंपल चढाईला गेली. चुलत बहिणीने पकड केली ती हवेतच राहिली. पुन्हा. पुन्हा तेच. बहिणीची चढाई बहिणीला पाठ असायला पाहिजे, पण हिला ती फक्त आवडते. मग मी रोज जे करते तेच केलं. बाकाकडे न बघता म्हटलं, "रोशनी, जरा ये गं, डिंपलला सराव दे." रोशनी उठली. कोपऱ्यात उभी राहिली, हात मोकळे, नजर डिंपलच्या घोट्यावर. तिच्या गावाजवळच्या नाल्यात पोरं दगडाखाली हात घालून खेकडे धरतात. तिनेच मला सांगितलं होतं, "मॅडम, आपण हलायचं नाही. तो हलला की धरायचा." डिंपलने बोनससाठी पाय टाकला, तो उचलायच्या आत रोशनीने घोटा धरला होता. आपटणं नाही, ओढणं नाही. नुसता धरला. डिंपल मॅटवर पालथी पडली आणि पडल्या पडल्या हसत म्हणाली, "ही चोपड्याला गेली ना मॅडम, तर फायनलला माझा पाय तिच्या घरी राहील." सगळ्या हसल्या. मीही हसले. पर्स खुर्चीवर होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं आणि मी ते चटकन काढून घेतलं.

खरं कारण हेच होतं. कोणी मला विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. माझ्याकडे तिला जागा नव्हती, आणि चोपड्याला जागा होती हेच मला नको होतं.

पाणी प्यायला सुटी झाल्यावर डिंपल माझ्याजवळ आली. टॉवेल मानेवर, तोंडात गूळ. "मॅडम, एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"माझा दाखला पापडात नका ठेवू ना. म्हणजे ठेवा, पण वेगळ्या पिशवीत. मागच्या बॅचची एक ताई म्हणत होती, मुलाखतीत साहेबांनी कागद नाकाला लावला. म्हणे, घरी पापडाचा धंदा का?"

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला आधी हसूच आलं. मग पायाखालची मॅट कोणी तरी एका बाजूने गुंडाळतंय असं वाटलं. म्हणजे हे माहीत आहे. मागच्या बॅचला माहीत आहे, या बॅचला माहीत आहे, चार महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीलासुद्धा माहीत आहे. बावीस वर्षं मी समजत होते की माझी फळी उंच आहे. आणि रोशनी? ती तीन वर्षांत चार वेळा माझ्या स्वयंपाकघरात पापड भाजायला मदत करून गेली आहे. ती रोज "मिळाला का?" विचारते. "कुठे आहे?" असं तिने एकदाही विचारलेलं नाही.

फोन वाजला. चोपड्याची सारिका. सारिका म्हणजे पंडित सरांच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेली मुलगी, आता तिथल्या पोरींना शिकवते. "कामिनी, उद्या बारापर्यंत आहे गं. काय झालं त्या पोरीचं?"

"ऑफिसात शोधतायत."

पलीकडे तिच्या मैदानावर कोणीतरी शिट्टी फुंकत होतं, बहुधा एखादी लहान पोरगी, नुसती फुंकायची म्हणून. "बरं," सारिका म्हणाली. "शोधू दे." मग, "मला आज उगाच सरांची आठवण येत होती." आणि तिने फोन ठेवला. चांगल्या मैत्रिणींचा हा असला त्रास असतो. भांडतसुद्धा नाहीत.

मला पूर्वी वाटायचं की लोक माझ्याशी खोटं बोलतात. शाळांचे सर जूनमध्ये फोन उचलत नाहीत. गेल्या वर्षी एका आश्रमशाळेच्या सरांनी सांगितलं, यंदा आमच्याकडे खेळणाऱ्या पोरी नाहीत मॅडम. आणि आठ दिवसांनी त्यांच्याच पाच पोरी मी चोपड्याच्या संघात बघितल्या. मी तेव्हा किती तणतणले होते. माणसाला शब्द नाही, कृतज्ञता नाही. आता कळलं की डोंगराच्या पायथ्याच्या गावांत एक वाक्य फिरत असणार, ती धुळ्याची बाई पोरी नेते आणि बसवते. कोणी मला तोंडावर सांगितलं नाही, कारण बाई चांगली आहे. चहा करते, आजारी पोरीला दवाखान्यात नेते, दिवाळीला फराळ देते. चांगल्या बाईला काही सांगणं फार अवघड असतं. ती रडेल अशी भीती असते.

अडीचला वनाभाऊ फाटकाकडून आले. "मॅडम, त्या रोशनीची आई आलीये. सायकल स्टँडजवळ बसलीये. मी म्हटलं, शोधतोय." आणि उभे राहिले. जायला हवं होतं, पण गेले नाहीत. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं होती, त्यांतलं एक त्यांनी काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. मग गेले.

गुंताबाई कडुनिंबाखाली बसली होती. मला तिला बघितल्यावर नेहमी जून महिना आठवतो. तीन वर्षांपूर्वीचा. धुळ्याहून चोपडा, चोपड्याहून काळीपिवळी जीप, आणि मग डोंगराच्या कुशीतलं तिचं घर. ती अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती. रोशनीचा बाप भुरा कोपऱ्यात टेकून बसला होता. मी बोलले. मला बोलता येतं, ते त्या जळगावच्या सरांनीही मान्य केलं आहे. शिक्षण, वसतिगृह, खेळ, नोकरी. गुंताबाईची घरची बोली पावरी, माझ्याशी ती बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोलली. सगळं ऐकून एकच विचारलं, "खेळू देशात ना बाई, का नुसती लई जाशात?" मी म्हटलं, "पहिल्या सातात खेळवीन." तेव्हा तिने बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेले कागद आतून आणून माझ्या हातात दिले. दोन्ही हातांनी दिले. घडी अशी घातली होती की एकही कोपरा दुमडलेला नव्हता. मी ते तसेच कागद घरी आणून पापडाच्या डब्यात टाकले आणि आठवडाभर मला फार समाधान वाटत होतं.

आता तिच्या शेजारी रोशनी उभी होती. खांद्यावर बॅग. म्हणजे सामान बांधून झालं होतं. दाखला सापडला नव्हता तरी बांधून झालं होतं. गुंताबाईने जवळची पिशवी उचलून माझ्यासमोर धरली. मक्याची कणसं होती, हिरवीगार, केसर अजून ओलं. "ल्या बाई. घरनी शेत."

मी घेतली. काय करणार? "कशाला आणलं एवढं," म्हटलं. "पाऊसपाणी कसं आहे तिकडे? भुराभाऊंची तब्येत?" सगळं विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली, एकेका शब्दात, नीट. माझं विचारून संपलं. मी तिच्या विचारण्याची वाट बघत होते. आता म्हणेल, घावना का कागद. मग मी म्हणेन, शोधतायत. मग ती मान हलवील, आणि साडेतीनची चोपडा गाडी निघून जाईल, आणि उद्याचे बारा वाजतील, आणि सगळं आपोआप होईल. माझ्या मनात मी ते वाक्य ओठापर्यंत आणूनही ठेवलं होतं. बावीस वर्षं घासून ते इतकं गुळगुळीत झालं आहे की तोंडातून निघताना जाणवतसुद्धा नाही.

तिने विचारलं नाही. सायकल स्टँडवर कोणाचीतरी सायकल पडली, तिच्यावर दुसरी पडली. रोशनी जमिनीकडे बघत होती, हात मोकळे सोडून, अगदी कोपऱ्यात उभी राहते तशी.

"काय झालं, गुंताबाई?" मीच म्हटलं.

"काही नही बाई." तिने पदर सारखा केला. "मी काय ईचारत नही. पोरगी म्हने, ईचारू नको. त्यासले वाईट वाटी."

रोशनी घाईने म्हणाली, "आई, चल ना. मॅडमना सराव आहे." आणि माझ्याकडे बघून, "नाही सापडला तरी चालेल, मॅडम. मी बसेन इथेच. मला सवय आहे."

ती टोमणा मारत नव्हती. तेच वाईट होतं. ती मला वाट काढून देत होती, जशी मी तीस वर्षांपूर्वी डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन पंडित सरांना वाट काढून दिली होती, पाया पडून. मला एकदम दिसलं की ही पोरगी उद्या कुठल्यातरी शाळेत शिकवायला लागेल, पोरी आणेल, चांगली बाई होईल, आणि तिच्या घरीही एक डबा असेल.

मी पर्स उघडली. आतला कप्पा नेहमीसारखा अडकला. चिडून ओढला तर चेन निघूनच हातात आली, मागोमाग दाखला. हिंगाचा वास कडुनिंबाखाली इतका स्वच्छ पसरला की गुंताबाईने मान वर केली. मैदानाच्या कडेला डिंपल आणि तिची बहीण पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन थांबल्या होत्या. ऑफिसच्या खिडकीत वनाभाऊ होते. सगळे बघत होते, आणि नेहमीप्रमाणे सगळे बघत नसल्यासारखे उभे होते.

"हरवला नव्हता," दाखला रोशनीपुढे धरत मी म्हटलं. आवाज शिट्टीसारखा निघाला, जरा जास्तच जोरात. "आठ दिवस माझ्याच घरी होता, रोशनी. तुला मी खेळवणार नव्हते. आणि जाऊही देणार नव्हते."